रोमच्या चाळीतून आपल्या अंगणात

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. जमिनीचा व्यवहार, बिल्डरशी झालेली भांडणे, कन्व्हेयन्स, पाण्याची लाइन, पहिली गणपती वर्गणी हा सगळा इतिहास आपल्या माजी सचिवांनी लिहिलाच आहे. त्यात मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी जरा लांबचा इतिहास निवडला. तो आहे रोम शहरातल्या एका भाडोत्री इमारतीचा. पण शेवटी मी आपल्या ए विंगच्या तळमजल्यावरच येणार आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

"माँटेसरी" हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की तो एका बाईंचे आडनाव आहे हे बऱ्याच जणांना माहीतही नसते. "धाकटीला यंदा माँटेसरीत घातलं" असे आपण सहज म्हणतो. ही पद्धत विद्यापीठात जन्मली नाही, शिक्षणखात्याच्या कचेरीतही नाही. ती जन्मली लोक राहत होते त्या इमारतीत. आणि ज्या कारणाने जन्मली, ते कारण ऐकले तर कुठल्याही मॅनेजिंग कमिटीच्या सभासदाला आपलेच वाटेल. मुले जिने आणि भिंती खराब करत होती!

सान लोरेन्झोची वस्ती

इटली एक झाल्यावर १८७१ साली रोम राजधानी झाले. लोक कामधंद्यासाठी तिकडे येऊ लागले आणि बांधकामाला ऊत आला. बँकांनी हात सैल सोडून कर्जे दिली, आणि १८८८ च्या सुमारास सगळा डोलारा कोसळला. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला नवी वाटत नाही. कर्ज बुडाले की मागे अर्धवट इमारती उरतात आणि त्यांत ज्यांना दुसरीकडे थारा नाही असे लोक शिरतात. रोमच्या सान लोरेन्झो भागात नेमके हेच झाले. एक माणूस मोठी जागा भाड्याने घ्यायचा आणि खोल्या पोटभाडेकरूंना द्यायचा. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे, उजेड नाही, पाणी नाही, आडोसा नाही.

पुढे एका गृहनिर्माण संस्थेने यातल्या काही इमारती घेतल्या, सुधारल्या, चौक मोकळे केले आणि लहान लहान घरे पाडून कामगार कुटुंबांना भाड्याने दिली. एदुआर्दो तालामो हे इंजिनिअर या संस्थेचे संचालक होते. इमारत सुधारली, भाडेकरू चांगले आले, पण एक अडचण राहिली. आईबाप दोघेही सकाळी कामावर जात. मोठी मुले शाळेत जात. शाळेचे वय न झालेली तीन ते सहा-सात वर्षांची पोरे मात्र दिवसभर मोकळी. नव्याने रंगवलेल्या भिंतींवर रेघोट्या, जिन्यांची मोडतोड, चौकात घाण. तालामोसाहेबांनी हिशेब मांडला. दर वर्षी दुरुस्तीवर जो पैसा जातो, त्याच पैशात इमारतीतच एक खोली आणि एक शिक्षिका ठेवता येईल. मुलेही सांभाळली जातील आणि भिंतीही.

हे काम पाहण्यासाठी त्यांनी एका डॉक्टर बाईंना गाठले. त्या मारिया माँटेसरी. जन्म ३१ ऑगस्ट १८७०. बाईने डॉक्टर व्हायचे हेच तेव्हा इटलीत नवल होते. त्या १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. मतिमंद मुलांच्या उपचारांचे काम करताना त्यांच्या लक्षात आले की या मुलांना औषधापेक्षा हाताला काम हवे आहे. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची पुस्तके त्यांनी बारकाईने अभ्यासली, लाकडी साधने करून घेतली. ती वापरून त्यांच्या मुलांची इतकी प्रगती झाली, की बाईंना उलटाच प्रश्न पडला: मग सर्वसाधारण शाळेतल्या धडधाकट मुलांचे आपण काय नुकसान करतो आहोत? त्याचे उत्तर शोधायची संधी त्यांना सान लोरेन्झोत मिळाली.

६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. साधारण पन्नास मुले होती. बाईंच्या एका मैत्रिणीने नाव सुचवले "कासा देई बाम्बिनी", म्हणजे मुलांचे घर.

भिंतीवर लावलेले नियम

या मुलांच्या घराचे नियम इमारतीत लावलेले असत. आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डशी ते ताडून पाहण्यासारखे आहेत. आईबापांनी फी द्यायची नाही. मात्र मूल आंघोळ घालून, स्वच्छ कपड्यांत, वर ॲप्रन बांधून वेळेवर पाठवायचे. शिक्षिकेचा मान ठेवायचा. आईने आठवड्यातून निदान एकदा येऊन तिच्याशी मुलाविषयी बोलायचे. हे पाळले नाही तर मुलाचे नाव कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शिक्षिकेने त्याच इमारतीत राहायचे.

माँटेसरीबाईंनी त्याच वर्षी केलेल्या एका भाषणात या व्यवस्थेमागचा विचार सांगितला आहे. शाळा घरात आली आहे. ती भाडेकरूंच्या सामाईक मालकीची आहे, कारण त्यांनी इमारत नीट ठेवून वाचवलेल्या पैशावर ती चालते. आई कुठल्याही क्षणी येऊन आपले मूल काय करते आहे ते बघू शकते. श्रीमंत घरात मुलांसाठी दाई असते. गरीब घरांनी एकत्र येऊन तीच सोय केली तर त्यात कमीपणा काय? सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो, सांगा.

आजकाल माँटेसरी म्हटले की महागडी साधने आणि महागडी फी डोळ्यांपुढे येते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिले. सुरुवात झाली ती कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी, इमारतीच्या दुरुस्ती खर्चातून.

बाईंनी काय पाहिले

माँटेसरीबाई मुळात डॉक्टर. आधी निरीक्षण करायचे, मग औषध, ही त्यांची सवय. शिकवायला ठेवलेली बाई प्रशिक्षित शिक्षिका नव्हती, आणि बाईंनाही ते बरेच वाटले. त्यांनी साधने ठेवली आणि मुले काय करतात ते पाहत बसल्या.

एक तीनेक वर्षांची मुलगी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या मापांची दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. काढायचे, मिसळायचे, पुन्हा ज्याचा त्याला बसवायचे. मुलगी त्यात इतकी गुंगली होती की बाईंनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तरी तिचे लक्ष हलले नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने दट्टे मांडीवर सांभाळले आणि काम पुढे चालू! बाई मोजत होत्या. चाळीसपेक्षा जास्त वेळा तेच काम करून ती थांबली, आणि छान झोप होऊन उठावे तशी प्रसन्न चेहऱ्याने इकडेतिकडे पाहू लागली. "लहान मुलांचं लक्ष एका जागी टिकत नाही" हे वाक्य आपण सगळे आजोबा-आजी रोज म्हणतो. ते खोटे ठरायला ती एक पोरगी पुरली.

दुसरी गोष्ट कपाटाची. साधने कुलपात असत. शिक्षिका येऊन वाटायची. एक दिवस कुलूप लावायचे राहिले आणि तिला यायला उशीर झाला. येऊन पाहते तो मुलांनी आपापल्या आवडीची साधने घेऊन काम सुरू केलेले. तिला वाटले, ही चोरी झाली. माँटेसरीबाईंना वाटले, मुलांना काय हवे ते त्यांना कळते आहे. तेव्हापासून कुलुपाचे उंच कपाट गेले आणि मुलाच्या हाताला येईल असे बुटके उघडे फडताळ आले. आज जगभरच्या माँटेसरी वर्गात ते दिसते.

तिसरी गोष्ट लिहिण्याची. बाईंनी मुलांना लिहायला शिकवायचे असे सुरुवातीला ठरवलेही नव्हते. आयांनी आग्रह धरला. मग पॉलिश पेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुले त्यावरून बोट फिरवत आणि त्या अक्षराचा उच्चार करत. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत, त्याचीच ही लांबची बहीण म्हणा. फक्त इथे छडी नव्हती. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर एक पाच वर्षांचा मुलगा खडूने धुराड्याचे चित्र काढत होता. काढता काढता त्याने एक शब्द लिहिला आणि ओरडला, "मला लिहिता येतं!" मग दुसरा शब्द, तिसरा. बाकीची मुले धावत आली, खडू मागू लागली आणि त्यांतली काही लिहूही लागली. हात आधीच तयार झाला होता, कान तयार झाला होता. दोन्ही एकत्र आले आणि लिहिणे बाहेर पडले.

त्या वर्गात नेमके काय असते

१९०९ साली बाईंचे पुस्तक निघाले, १९१२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि नाव जगभर गेले. साधनांची यादी मोठी आहे, पण मला त्यामागची तत्त्वे चार वाटतात.

पहिले, निवड मुलाची. फडताळावर प्रत्येक साधन एकेकच असते. ज्याला हवे त्याने घ्यावे, चटईवर बसून काम करावे, झाले की जागच्या जागी ठेवावे. दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबावे. "थांबणे" हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरे, चूक साधनच दाखवते. गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. क्रम चुकला तर मनोरा ओबडधोबड दिसतो. दट्टा चुकीच्या भोकात गेला तर शेवटचा दट्टा बसतच नाही. बँकेत कॅशियरला संध्याकाळी रोकड जुळवावी लागते. दहा रुपयांचा फरक आला तर मॅनेजरने ओरडायची गरज नसते. तो फरकच माणसाला पुन्हा मोजायला बसवतो. मुलाचेही तसेच. कोणी रागावले नाही तर चुकीची भीती बसत नाही, आणि भीती नसली की मूल चूक शोधते.

तिसरे, घरातली कामे. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता ओतणे, डाळ-तांदूळ निवडणे, बटणे लावणे, रुमालाची घडी, टेबल पुसणे. आपल्याला वाटते, यात शिक्षण कसले? पण चिमटीत डाळ धरणारी तीन बोटेच उद्या पेन्सिल धरतात. दट्ट्याची बारीक मूठही तीन बोटांनीच धरावी लागते. आणि "माझं मी केलं" हा जो भाव मुलाच्या चेहऱ्यावर येतो, त्यातून स्वभाव घडतो.

चौथे, तीन ते सहा वयाची मुले एकाच वर्गात. धाकटे थोरल्यांकडे बघून शिकते. थोरले धाकट्याला शिकवताना स्वतः पक्के होते. एकत्र कुटुंबात हे आपोआप व्हायचे. आता एकेक अपत्य असलेल्या घरांत ते कुठे मिळणार?

शिक्षिकेचे काम काय? एकदा नीट दाखवायचे आणि मागे सरायचे. हे सगळ्यात अवघड. मी स्वतः नातवाच्या बुटाची नाडी तीस सेकंदांत बांधून देतो, कारण स्कूलबसचा हॉर्न वाजत असतो.

या पद्धतीवर टीकाही झाली. ठरलेल्या साधनांचा ठरलेलाच वापर होतो, गोष्टींना आणि कल्पनेच्या खेळाला जागा नाही, असे आक्षेप घेतले गेले. ते सगळेच चुकीचे नव्हते, आणि त्यांना चांगले उत्तर आपल्या लोकांनी दिले.

भावनगर, दादर, बोर्डी

गुजरातेत गिजुभाई बधेका हे वकील होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे लेखन आले. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तिथे बालमंदिर सुरू केले. माँटेसरीची साधने त्यांनी घेतली, पण जोडीला आपल्या मातीतल्या गोष्टी, गाणी, नाटुकली, मातीकाम आणले. गोष्टीशिवाय बालपण ही कल्पनाच त्यांना पटणारी नव्हती. मुले त्यांना "मूछाळी माँ", म्हणजे मिशीवाली आई म्हणत.

त्यांच्या कामात १९२३ साली सामील झाल्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिका चालवली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाला "मुलाला मारू नका, त्याच्याकडे बघा" हे शिकवण्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. आपल्या पिढीतल्या मुंबईकरांपैकी कित्येकांच्या आया शिशुविहाराचे नाव आदराने घेत.

दरम्यान खुद्द माँटेसरीबाईच भारतात आल्या. मुसोलिनीशी बिनसल्यामुळे त्यांनी इटली सोडली होती. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मुलगा मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. पहिल्याच प्रशिक्षण वर्गाला देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक आले. बेत काही महिन्यांचाच होता. पण जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी ही मायलेकरे शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवले, बाईंना अड्यारच्या आवारात. ३१ ऑगस्ट १९४० ला बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा व्हाइसरॉयने त्यांच्या मुलाला सोडले. वाढदिवसाची भेट म्हणून! पुढे कोडाईकनाल, अहमदाबाद असा त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. सत्तरीनंतर बाई परक्या देशात, परक्या भाषेच्या शिक्षकांना दुभाष्यामार्फत शिकवत राहिल्या. इथल्या आया तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन सगळीकडे वावरतात, ते पाहून जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या वयाविषयीचा त्यांचा विचार अधिक खोल झाला. १९५२ साली हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

पण मला यापेक्षा मोठी वाटते ती ताराबाईंची पुढची उडी. दादरचे शिशुविहार उत्तम चालले होते, तरी ते शहरातल्या सुखवस्तू घरांचे. खेड्यातल्या मुलाचे काय? वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. बालविधवा, जिद्दीने शिकलेल्या, पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या. इटलीच्या पॉलिश केलेल्या साधनांना इथे पैसा नव्हता. मग शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, मातीची भांडी हीच साधने झाली. लहान-मोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत हे शिकायला समुद्रकिनाऱ्यावर आणखी काय लागते?

मुले मात्र बालवाडीत येईनात. अंगावर कपडे धड नाहीत, धाकटे भावंड कडेवर, आई मजुरीला. तेव्हा या बायकांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलांची आंघोळ, नखे, केस, मग गाणी, गोष्टी, खेळ, सगळे त्यांच्याच दारात. ही अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली मुलांमध्ये. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि "अंगणवाडी" हा शब्द देशभर पोचला.

रोमला शाळा इमारतीत आली, बोर्डीला ती अंगणात गेली. दोन्ही ठिकाणी मुलाने शाळेकडे जाण्याऐवजी शाळा मुलाकडे आली. माझ्या मते माँटेसरीच्या इतिहासाचा खरा धागा हा आहे.

पाटी आणि आतले काम

मग आज दर गल्लीत माँटेसरीची पाटी आहे, तिथे हेच चालते का? काही ठिकाणी चालते, मनापासून चालते. पण हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही; अमेरिकेत तर १९६७ साली ट्रेडमार्कच्या वादात तसा निर्णयच झाला. पाटी कोणीही लावू शकतो. आत मात्र चार वर्षांच्या मुलांना रांगेत बसवून गृहपाठ देतात. गुलाबी मनोरा कपाटावर शोभेला, पालकसभेच्या दिवशी काढायचा.

नीट चालवलेल्या वर्गाचा उपयोग होतो का, याची अलीकडे मोजणी झाली आहे. अमेरिकेत हार्टफर्ड शहरात सरकारी माँटेसरी शाळांना अर्ज फार आल्यामुळे सोडतीने प्रवेश दिले जात. सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली अशा १४१ मुलांचा तीन वर्षे अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला दोन्ही गट सारखेच होते. पुढे माँटेसरीतली मुले अभ्यासात पुढे गेली, आणि गरीब व सुस्थित घरांतल्या मुलांमधले अंतर त्यांच्यात कमी झाले. हा एका शहरातल्या चांगल्या चाललेल्या वर्गांचा निष्कर्ष आहे, सगळ्या पाट्यांना तो लागू नाही. पण गरीब घरच्या मुलाला फायदा जास्त, ही गोष्ट सान लोरेन्झोला आणि कोसबाडला धरूनच आहे.

आता आपली खोली

जुन्या सभासदांना आठवत असेल, ए विंगच्या तळमजल्यावर कार्यालयाशेजारच्या खोलीत आपल्याच दोन भगिनी बालवर्ग चालवत. सुताराकडून करून घेतलेले बुटके फडताळ, स्टीलची छोटी तांब्या-भांडी, चिंचोके, सागरगोटे. आज बी विंगमध्ये डॉक्टर झालेली एक मुलगी त्याच चटईवर बसून डाळ-तांदूळ निवडत असे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाला तो झालाच. आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या, गणपतीचे मखर आणि जुना वॉटर कूलर आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ती खोली एका कुरिअर कंपनीला पार्सले ठेवण्यासाठी द्यायचा प्रस्ताव येणार आहे. महिना १८,००० रुपये भाडे. आपले ७२ फ्लॅट; म्हणजे फ्लॅटमागे महिना २५० रुपये. मी सात वर्षे खजिनदार होतो, त्यामुळे २५० रुपयांना मी कमी लेखणार नाही. पेन्शनवर जगणाऱ्या घरात ती रक्कम जाणवते.

पण हिशेब करायचा तर तालामोसाहेबांसारखा दोन्ही बाजूंचा करू. आपल्या नोटीस बोर्डवर गेल्या वर्षभरात लहान मुलांविषयी ज्या सूचना लागल्या त्या मी उतरवून घेतल्या. पार्किंगमध्ये खेळू नये. लिफ्टची बटणे दाबत बसू नये. भिंतीवर लिहू नये. कुंड्यांतली माती काढू नये. मुलांनी काय करावे, अशी सूचना एकही नाही. तीन ते सहा वयाची एकोणीस मुले आज आपल्या तीन विंगांत आहेत. मी घरोघर विचारून मोजली. त्यांतली बरीच दुपारी आमच्यासारख्या आजी-आजोबांबरोबर मोबाइल बघत बसतात. आणि विसावी, आपल्या वॉचमनची धाकटी मुलगी, सकाळपासून मीटर रूमच्या पायरीवर बसलेली असते. रोमची ती पन्नास मुले अशाच घरांतली होती. वर्ग पुन्हा सुरू झाला तर तिचे नाव पहिल्या दिवसापासून हजेरीत असावे, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांचेही. ते होणार नसेल तर त्याला माँटेसरी म्हणू नये.

अडचणी मला ठाऊक आहेत. जबाबदारी कोणाची, परवानग्या काय लागतील, आवाजाचा त्रास, शिकवणार कोण. प्रशिक्षित शिक्षिकेला योग्य पगार द्यावा लागेल, फुकटच्या उत्साहावर असे वर्ग टिकत नाहीत. पण सकाळी नऊ ते बारा वर्ग, परवडेल त्याने फी, बाकी तूट सोसायटीने सोसायची, असे एक वर्ष करून बघता येईल. साधनांना फार खर्च नाही. सुतारकाम एका सभासदाने देऊ केले आहे. रोजचा हिशेब लिहायला मी आहे. पूर्वीच्या दोघींपैकी एक भगिनी अजून इथेच राहतात आणि नव्या शिक्षिकेला सहा महिने मदत करायला तयार आहेत. वर्षाअखेरीस जमाखर्च सभेपुढे ठेवू; रंगकामाचा आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्चही त्यात मांडू. तोट्याचे वाटले तर कुरिअर कंपन्या कुठे पळून जात नाहीत.

तसा ठराव मी सचिवांकडे लेखी दिला आहे. तीन ते सहा वयाची मुले सभेला येत नाहीत आणि त्यांना मतही नसते. म्हणून त्यांच्या घरच्यांनी, विशेषतः नोकरी करणाऱ्या आयांनी, त्या रविवारी वेळ काढून जरूर यावे. आणि येण्याआधी एकदा खाली जाऊन ती खोली उघडून पाहावी. किल्ली कार्यालयात आहे. मखर थोडे सरकवले की मागे ते बुटके फडताळ दिसेल.